प्रकल्प नोंदी: ११४ मिलिमीटरची दुर्बीण आणि आडवी परात

ठिकाण: आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. घरामागचं आवार, कधी वावर.
साधन: जुनी न्यूटनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण. आरसा ११४ मिमी, फोकल लांबी ९००. आयपीस (डोळ्याकडची भिंगं) दोन, २५ आणि १० मिमी, शिवाय दुपटीचा बार्लो, म्हणजे पट दुप्पट करणारं जास्तीचं भिंग.
वही: मोटर भरणीची (जळालेल्या मोटरीत नवे तारेचे वेढे भरायचे, हा माझा धंदा), दुकानातलीच. पुढून गिऱ्हाइकांच्या मोटरी, मागून शनी.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

नागपूरहून दुर्बीण आणली त्याला तीन आठवडे झाले. तीन आठवडे पाऊसच. आज रात्री अकराच्या सुमारास तासभर उघडलं म्हणून स्टँडसकट बाहेर काढली.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "एकदम कंडिशनमध्ये." आरसा खरंच बरा आहे. स्टँड मात्र तापात थरथरणाऱ्या माणसासारखा. फोकसच्या गोंड्याला बोट लावलं की चित्र नाचतं, आणि थांबायला सात सेकंद लागतात. घड्याळ लावून मोजले. सात सेकंदांत शनी बराच पुढे गेलेला असतो, मग परत हात लावा, परत नाच. शनी म्हणजे एक थरथरता पिवळा दाणा, यापलीकडे काही कळलं नाही.

पटीचा हिशोब लिहून ठेवतो: ९०० भागिले २५ म्हणजे ३६ पट, भागिले १० म्हणजे ९० पट, बार्लो लावला की १८०. डब्यावर मोठ्या अक्षरांत ६७५ पट छापलंय. एक एचपीच्या मोटरवर पाच एचपीची पाटी लावतात, त्यातला प्रकार. आरशाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढं नुसता धूर.

ठरलं: स्टँड काढून टाकायचा आणि लाकडी पेटीचा डॉब्सोनियन बूड करायचा.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

सुतारकाकांनी १८ मिमी प्लायवूडचे तुकडे कापून दिले. पैसे घेतले नाहीत, पण "मले पहिले दाखवजो" म्हणाले.

रचना साधी आहे. खाली एक गोल पाट, त्यावर फिरणारी तीन बाजूंची पेटी. नळीच्या दोन्ही अंगांना चार इंची पीव्हीसीच्या कॅपा, त्या पेटीच्या अर्धगोल खाचांत बसतात. बेअरिंग लावायचं नाही, हे मला पचायला जड गेलं. आयुष्यभर बेअरिंगच बदलत आलो. पण इथं गुळगुळीत फिरणं नको, थोडं धरून ठेवणारं घर्षण हवं: ढकललं की सरकेल, सोडलं की तिथंच राहील. वर सनमायका, खाली कडक प्लॅस्टिकचे तीन तुकडे. ते तुकडे भाजी कापायच्या पाटीतून निघाले. घरात ही गोष्ट संध्याकाळी कळली. बहीण राखी बांधायला आलेली असल्यामुळे वाचलो.

तोंडाकडून नळी जड होते आणि खाली वाकते. मागच्या टोकाला स्पीकरचं चुंबक चिकटवलं, झालं.

आरसे जुळवले. झाकणाला मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून आत पाहायचं आणि छोट्या आरशाचे तीन स्क्रू फिरवत सगळी वर्तुळं एकात एक आणायची. रोटर मध्यावर आहे का हे बघण्यापेक्षा हे काम सोपं आहे, फक्त स्क्रू फार बारीक. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी पाण्याच्या टाकीच्या टोकावर जुळवला.

हात लावल्यावर चित्र थांबायला आता एक सेकंदही लागत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रात्री ११.२० ते १२.१०. ढगांना फाट पडली.

शनी सापडायला वेळ लागला नाही. भाद्रपदांचा मोठा चौकोन पूर्वेला वर आला होता. त्याच्या पूर्वेकडच्या, म्हणजे उत्तरा भाद्रपदाच्या बाजूची रेघ तितकीच आणखी दक्षिणेला ओढली की एकटाच पिवळट, न लुकलुकणारा ठिपका. आसपास दुसरा ठळक तारा नाही, चुकायला जागाच नाही.

३६ पटीत दोन्हीकडे टोकं फुटलेला दाणा. ९० पटीत कडं! अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. शाळेच्या सहलीत नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रातल्या तारांगणात छतावर पाहिला होता, त्यानंतर आज. हा खरा, आणि आपल्या आवारातून.

चित्र काढलं (पान ९८). मधे गोळा, भोवती कडं, कड्यात कॅसिनीची काळी फट, म्हणजे कड्याचे आतला-बाहेरचा असे दोन भाग करणारी.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली, बोजाऱ्याचे पैसे खुळखुळवत संध्याकाळी सगळी आमच्या आवारात. मीच सांगून ठेवलं होतं, रात्री शनीचं कडं दाखवतो. चौदा पोरं आणि दोन आज्या. शनी अमावस्या पण आजच होती, सकाळी मारुतीला रुईच्या माळा घालून आलेली मंडळीही होती.

साडेनऊला शनी शेजारच्या टिनांच्या थोडा वर. दिवसभर तापलेली टिनं रात्री वाफ सोडतात, तिच्यातून पाहणं म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेला पैसा पाहणं. तरी दाखवला.

पहिला पोरगा: "काका, कडं कुठी हाय?"

दुसरी: "मले त काईच नाई दिसून राह्यलं. हां, दिसलं. मणी हाय आन् त्याच्यातून दाभन गेलं हाय."

मग सगळ्यांनाच दाभण दिसायला लागलं. पुस्तकात छान टोपीसारखं कडं असतं, ते कुणालाच दिसेना. एकजण म्हणाला, दुर्बीण सेकंडहँड आहे म्हणून.

माझी सहावीतली पोरगी घरातून परात आणि लिंबू घेऊन आली. परात तिरपी धरली की लांबट गोल दिसतो. डोळ्याच्या पातळीत आडवी धरली की नुसती कड. "यंदा शनीनं परात आडवी धरली हाय," ती म्हणाली. मी तिला हे सांगितलं होतं का, आठवत नाही. बहुतेक नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

झोप लागली नाही. पोरीचं म्हणणं खरं, तर मग माझ्या पान ९८ वरच्या चित्रात कडं एवढं उघडं कसं?

आकडे मांडले. शनीचा अक्ष त्याच्या कक्षेला सरळ उभा नाही, २६.७ अंश कललेला आहे, आणि सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्या फेरीत दोनदा कडं आपल्याला अगदी कडेवर दिसतं. २००९ मध्ये दिसलं होतं. यंदा २३ मार्चला पृथ्वी कड्याच्या पातळीतून गेली, पण शनी तेव्हा सूर्याच्या उजेडात बुडालेला, कुणालाच धड दिसला नाही. ६ मेला सूर्यही त्या पातळीतून पलीकडे गेला. तेव्हापासून कड्याच्या दक्षिण अंगावर ऊन आहे, आणि आपण तेच अंग अगदी तिरपं पाहतोय, सध्या सुमारे तीन अंशांतून.

कड्याची लांबी आकाशात ४३ विकलांच्या आसपास. एक विकला म्हणजे दोन किलोमीटरवर धरलेली एक सेंटीमीटरची वस्तू. म्हणजे शनीचं कडं = दोन किलोमीटरवरची आमची परात, बरोबर तेवढीच. ती तीन अंश कललेली असेल तर उघडी किती दिसणार? दोन विकलांच्या जरा वर. आणि माझ्या आरशाची बारकावा पाहायची ताकद एका विकलेची. कॅसिनीची फट खुद्द ४,८०० किलोमीटर रुंद, लांबीच्या टोकाशी पाऊण विकला. कडं चांगलं उघडं असतं तेव्हा ती काळी रेघ लांबवर वळत जाते म्हणून लहान दुर्बिणीतही कळते. आत्ता अशक्य.

म्हणजे १७ तारखेला मी फट पाहिलीच नाही. मी ती काढली.

गॅलिलिओनं १६१० मध्ये वीसेक पटीच्या दुर्बिणीतून शनी पाहिला आणि तीन गोळे काढले, मोठा मधे आणि दोन बाजूंना. कारण त्याला तेच दिसलं. १६१२ मध्ये बाजूचे दोन गायब झाले, तेव्हाही त्यानं ते नाहीत असंच लिहिलं, चक्रावून गेला तरी. हे सपाट कडं आहे आणि ते कुठेच शनीला चिकटलेलं नाही, हे हायगेन्सनं १६५९ मध्ये छापलं. फट कॅसिनीला १६७५ मध्ये दिसली. गॅलिलिओनं कडं काढलं नाही, कारण त्याला कडं दिसलं नाही. माझ्याकडं त्याच्यापेक्षा बरी दुर्बीण आणि मी न दिसलेली फट काढून मोकळा.

वहीच्या पुढच्या पानांवर मी असं करत नाही. जळालेली मोटर सोडवताना स्लॉटमधले वेढे मोजतो. बेचाळीस मोजले तर बेचाळीस लिहितो, चव्वेचाळीस "असायला हवेत" म्हणून लिहीत नाही. लिहिले तर मोटर पुन्हा जळून दुकानात येते.

पान ९८ वर आडवी रेघ मारली. फाडलं नाही. शेजारी लिहिलं: फट पाहिली नाही.

यापुढचा नियम: चित्र आधी, वाचन नंतर.

७ सप्टेंबर, रविवार. खग्रास चंद्रग्रहण

साडेअकरापर्यंत आभाळ गच्च. ९.५७ ला ग्रहण लागलं ते दिसलंच नाही. ११ ते १२.२२ खग्रास. ११.४० ला ढग फाटले, आणि तांब्याच्या जुन्या पैशासारखा चंद्र. त्याच्या पूर्वेला अंतर राखून शनी. पुनवेच्या रात्री एवढे तारे मी कधी पाहिले नव्हते.

आईने संध्याकाळीच सगळ्या भांड्यांत तुळशीची पानं टाकून ठेवली होती. ग्रहणात बाहेर येऊ नका म्हणत स्वतः दारात उभी. मग ओट्यावर. मग दुर्बिणीपाशी. "आता आलेच हाय त दाखव."

शेजारचे काकाही आले. त्यांची रास मेष, २९ मार्चला शनी मीनेत आला तशी त्यांची साडेसाती सुरू. पंचांगात ही साडेसात कुठून येते हे त्यांना सांगितलं: साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षांच्या जवळपास. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन अडीचके. शनैश्चर नावच त्या संथ चालीवरून पडलंय. त्यांनी बराच वेळ आयपीसला डोळा लावला आणि म्हणाले, "येवढुसा हाय, आन् मले साडेसात वर्स नाचवनार?"

चित्र काढलं. रेघ. रेघेच्या मधे गोळा. बाकी काही नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

आज प्रतियुती, म्हणजे सूर्य एका बाजूला, शनी बरोबर समोरच्या बाजूला, मधे आपण. शनी पृथ्वीपासून वर्षातल्या सर्वांत कमी अंतरावर, सुमारे १२८ कोटी किलोमीटर. तिथून निघालेला उजेड इथं यायला ७१ मिनिटं.

पाऊस. सोयाबीनमध्ये पाणी साचलंय. दुर्बिणीवर प्लॅस्टिक.

२४ सप्टेंबर, बुधवार

टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र, सापडला! आणि यावेळी आधी पाहिला, मग वाचलं.

८.५० वाजता ९० पटीत शनीच्या एका बाजूला, कड्याच्या रेघेच्याच दिशेत, पण बराच लांब, एक मंद ठिपका. लांबी कड्याच्या मापात मोजली: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं कडं एक धरलं तर गोळ्यापासून चार-साडेचार कडी दूर. बाजू कोणती हे ठरवायला युक्ती अशी की दुर्बीण सोडून द्यायची. पृथ्वी फिरते आणि शनी आपोआप पश्चिमेकडं सरकत जातो. ९० पटीत मधून कडेला जायला एक मिनिट, कडेपासून कडेपर्यंत दोनच्या वर. ठिपका पुढे होता, म्हणजे पश्चिमेला. न्यूटनियनमध्ये चित्र उलटं असतं, डावं-उजवं यावर भरवसा ठेवायचा नाही.

नंतर तक्ता उघडला: टायटन, पश्चिमेकडं सर्वांत दूर, आजच. बसलं.

टायटनची फेरी सोळा दिवसांना थोडी कमी. यंदा कडं आडवं असल्यामुळे तो दर फेरीत शनीच्या समोरून जातोय आणि त्याची सावली शनीवर पडतेय. असं पंधरा वर्षांत एखादाच हंगाम होतं. पण फेरी जवळजवळ अख्ख्या दिवसांची, त्यामुळे वेळ दर वेळी तीच येते, आणि ती वेळ आपल्याकडं दिवसाची. १९ ऑगस्ट, ४ सप्टेंबर, २० सप्टेंबर, तिन्ही वेळा भारतात सकाळ-दुपार. अमेरिकेतल्या लोकांनी रात्री आरामात बघितली असेल. लोडशेडिंगचं वेळापत्रक बनवणाऱ्यानंच हेही बनवलं असावं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

चंद्र आणि शनी शेजारी. दुधात चंद्र बघायचा, दुर्बिणीत शनी. चंद्राच्या झगमगाटात टायटन दिसणार नाही असं वाटलं होतं. ९.३० ला दिसला, पण आज कड्याच्या टोकाला जवळजवळ चिकटून, पश्चिमेकडं. सकाळीच तो शनीच्या समोरून गेला, आपल्याकडं ऊन असताना, सवयीप्रमाणे.

गावातली सतराजणं बघून गेली. पुस्तकातलं कडं कुणी मागितलं नाही, कारण पोरं आधीच सगळीकडं "दाभन" सांगत फिरली आहेत. सुतारकाकांनी शनीकडे एक क्षण पाहिलं, आणि उरलेला वेळ पेटीचे सांधे हलवून बघितले.

एक प्रश्न आला: पंचांगात शनी मीनेत, तुमच्या मोबाइलच्या नकाशात कुंभेत, खरं कोणतं? दोन्ही. पंचांगातली प्रत्येक रास तीस अंशांची सारखी वाटणी आहे. नकाशातल्या तारकासमूहांच्या सीमा वेगळ्या, लहानमोठ्या, १९३० मध्ये ठरवलेल्या. एकाच वावराचा सातबारा वेगळा आणि धुरा वेगळा असतो, तसं. हे उदाहरण सगळ्यांना लगेच पटलं, नको तितकं. अर्धा तास धुऱ्यांच्या भांडणावर गेला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ढग, पाऊस. फुटलेली बोंडं झाडावरच ओली. शनी नाही, मूड पण नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वावरात, माळ्याखाली. जागलीची पाळी माझी. डुकरं तुरीत घुसतात म्हणून रात्र तिथंच, मग दुर्बीण बैलगाडीत घालून नेली, गादीवर झोपवून.

घरच्या आवारापेक्षा वावर किती चांगलं! टिनं नाहीत, सिमेंटचा तापलेला स्लॅब नाही, खाली ओली माती. नळी चाळीस मिनिटं बाहेर ठेवून थंड होऊ दिली. साडेसातला शनी दक्षिणेला उंच. तीन दिवसांची चंद्रकोर मावळतीला टेकलेली.

आज कड्याचा कल यंदाच्या हंगामात सर्वांत कमी, अर्ध्या अंशाहूनही कमी. जुलैत साडेतीनच्या आसपास होता, मग कमी होत आला, आता पुन्हा वाढेल. सूर्याभोवती आपणही फिरतो, आपली जागा वर-खाली होते, म्हणून हे मागेपुढे. (हे माहीत असल्यामुळे आजचं चित्र पूर्ण निर्मळ नाही, तेवढं मान्य.)

३६ पट: गोळा. कडं नाही. खरंच नाही. १६१२ ची रात्र अशीच असणार.

९० पट: दोन मिनिटं काही नाही. श्वास रोखून, डोळा जरा बाजूला वळवून पाहिलं, आणि दोन्हीकडं कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यासारखं काहीतरी. आहे, नाही, आहे.

१८० पट: हवा स्थिर होती म्हणून चाललं. धागा पक्का दिसला, दोन्ही अंगांना सारखा. आणि गोळ्यावर, मधोमध, एक गडद रेघ. पहिल्यांदा वाटलं आयपीसवर केस आहे. आयपीस गोल फिरवला, केस असता तर रेघ फिरली असती. फिरली नाही. चित्रात तीच काढली, तिची बाजू मापून: धाग्याच्या किंचित उत्तरेला.

मग विचार केला. ऊन कड्याच्या दक्षिण अंगावर, सुमारे तीन अंश तिरपं. म्हणजे कड्याची सावली गोळ्याच्या उत्तर अर्ध्यावर, विषुववृत्ताला लागून. आपण जवळजवळ कड्याच्या पातळीत, म्हणून कडं त्या सावलीला झाकत नाही. मी कड्याची सावली पाहत होतो. जे कडं स्वतः धड दिसत नाही, त्याची सावली त्याच्यापेक्षा ठळक!

कड्याची रुंदी टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या घरात. आमच्या परातीएवढं कडं केलं तर वहीचा कागदसुद्धा त्याच्यापेक्षा हजारो पट जाड होईल. बर्फाच्या तुकड्यांचा एवढा पातळ थर, एवढ्या दूर, आणि त्याची सावली तुरीच्या वावरातून दिसते.

टायटन गोळ्याला लागून पश्चिमेला. दहा वाजता आयपीसवर दव. लाल पतंगी कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात चित्र पूर्ण केलं (पान ८३). त्याच वेळी धुऱ्याकडून खसखस. डुकरं. डबा वाजवायला उठलो, परत आलो तर पायाच्या धक्क्यानं दुर्बीण कुठल्या कुठं. पुन्हा शोधायला पाच मिनिटं.

तुरीचे दोन तास गेले. घरी सांगताना आधी शनी सांगितला.

१४ डिसेंबर, रविवार

७.१५. १८० पट. धागा आता शोधावा लागत नाही, ९० पटीतच दिसतो. कडं उघडायला लागलं. सावलीची रेघ अजून आहे.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, मोटरी धडाधड जळतायत. आज आठला एकजण मोटरसायकलवर सबमर्सिबल बांधून आला, सकाळपर्यंत भरून द्या म्हणे. मी आवारात होतो म्हणून तोही मागे आला. दाखवला. पाहिला. विचारलं, पुस्तकासारखा कधी दिसेल? सांगितलं, दर वर्षी थोडा थोडा उघडत जाईल, २०३२ मध्ये सगळ्यात उघडा. "तवरीक मोटर टिकन का?" म्हणाला.

भरणी केली. बेचाळीस वेढे, दोनदा मोजले.

करायची कामं: फाइंडरचा स्क्रू सैल. भाजी कापायची नवीन पाटी, राखीपासून उधार आहे. वहीत पुढून मोटरी आणि मागून शनी समोरासमोर आले, मधे चार पानं कोरी. नवी वही आणणे.